कोरांटी काळ्या मातीत का रुसते?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गुलाब आणि मोगरा यांचेच राज्य असते. यंदा मात्र नागपूर शहरातून कोरांटीविषयी इतकी पत्रे आली की हे पान तिलाच द्यायचे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मानेवाड्याच्या बाजूला नव्या ले-आऊटमध्ये आम्ही घर बांधले. माझे माहेर उमरेडकडच्या खेड्यातले. तिथे शेताच्या धुऱ्यावर पिवळी काटेकोरांटी आपोआप वाढते. तिला कोणी पाणीही घालत नाही. मागच्या जुलैत तिच्या फांद्या आणून फाटकाजवळच्या वाफ्यात लावल्या. श्रावणात पालवी छान होती, पण पोळ्याच्या सुमारास पाने पिवळी पडून गळाली आणि रोपे मेली. एक रोप कुंडीत जगले आहे. त्याची वरची कोवळी पाने फिकट आहेत आणि वर्ष होत आले तरी फूल नाही. रोज पाणी घालते, महिन्याला खत देते, कशातच कसूर केलेली नाही. मग चुकते कुठे?

उत्तर : आपली कसूर नाही, हीच अडचण आहे. माहेरच्या धुऱ्यावर कोरांटीला जे मिळत नाही, नेमके तेच आपण तिला रोज देत आहात.

धुरा म्हणजे शेतापेक्षा हात-दीड हात उंच बांध. पावसाचे पाणी त्याच्यावर थांबत नाही, दोन्ही बाजूंनी उतरून जाते. मातीत मुरूम आणि खडे असल्यामुळे मुळांना हवा मिळते. आपल्या फाटकाजवळचा वाफा मात्र बहुधा आजूबाजूच्या फरशीपेक्षा खोल असावा आणि माती काळी चिकण असावी. नागपुरात वर्षाला साधारण १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. काळी माती या दिवसांत पाणी पिऊन फुगते, तिच्यातील पोकळ्या बंद होतात आणि मुळे अक्षरशः गुदमरतात. हीच माती एप्रिलमध्ये आकसून बोट जाईल एवढ्या भेगा देते आणि उरलीसुरली मुळे तोडते. कोरांटी दुष्काळ सोसते, उन्हाळा सोसते, शेळ्यांचे तोंडही काही प्रमाणात सोसते. साचलेले पाणी तेवढे तिला सोसत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच अंगणातले असे मेलेले रोप मी भाद्रपदात उपटून पाहिले, तेव्हा मुळाची साल भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी चिमटीत सुटून आली, आतली काडी तपकिरी झालेली होती आणि मातीला आंबूस वास येत होता. वर पाने सुकलेली दिसत होती म्हणून मी आठवडाभर आणखी पाणी घालत राहिले होते, हेही कबूल केले पाहिजे.

जागा निवडण्याआधी एक सोपी परीक्षा करावी. जिथे रोप लावायचे तिथे फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी किती वेळ राहते ते पाहावे. तीन-चार तासांत जिरले तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात आभाळ दिसत असेल, तर त्या जागी खड्ड्यात रोप लावूच नये, उंचवटा करून त्यावर लावावे. उंचवट्यासाठी दोन घमेली माती, एक घमेले मुरूम किंवा कन्हानची जाड रेती आणि एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत एकत्र करून जमिनीपासून वीतभर उंच आणि दोन-अडीच फूट रुंद ढीग करावा व रोप त्याच्या माथ्यावर बसवावे. आपल्याला लावायचे आहे ते धुऱ्यावरचे झाड; तेव्हा अंगणात एक छोटा धुरा करणे एवढाच याचा अर्थ.

आता कुंडीतील रोपाविषयी. पाने पिवळी पडली एवढे सांगून रोग कळत नाही. कोणती पाने आणि कशी पिवळी पडली, ते पाहावे लागते. खालची जुनी पाने पूर्ण पिवळी होऊन लोळत असतील तर पाणी जास्त झाले आहे. वरची कोवळी पाने फिकट आणि शिरा मात्र हिरव्या अशी जाळी दिसत असेल, तर मातीत चुना जास्त आहे आणि त्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही. आपल्या वर्णनावरून हा दुसरा प्रकार दिसतो. नव्या ले-आऊटमध्ये घर बांधताना सांडलेले सिमेंट, चुना आणि फोडलेल्या भिंतींचा मलबा अंगणातच पसरलेला असतो. कुंडीत हीच माती भरली गेली असेल आणि वर बोअरचे जड पाणी पडत असेल, तर पाने अशीच दिसणार. माती बदलणे हा खरा उपाय आहे. तोपर्यंत एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून त्यात लिंबाचे चार थेंब टाकावेत आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. नवी पाने हिरवी आली तर निदान बरोबर होते असे समजावे. जुन्या पानांचा रंग पूर्ण परत येईलच असे नाही.

फूल न येण्याची कारणे वेगळी आहेत. महिन्याला खत, त्यातही युरियासारखे नत्राचे खत, मिळाले की कोरांटी पानांचा डोंगर करते आणि कळ्यांचे नाव घेत नाही. जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा मूठभर शेणखत तिला पुरते. दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन हवे. कोरांटीची फुले पानांच्या बगलेत आणि त्या वर्षीच्या नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात, म्हणून गणपतीच्या आधी अंगण नीट दिसावे यासाठी मारलेली कात्री सगळा हंगाम घेऊन जाते. मुख्य छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी, फुले सरल्यावर करावी आणि झाड गुडघ्याइतके ठेवावे. पावसाच्या पहिल्या फुटीला, जुलैमध्ये, शेंडे एकदा खुडले की झाड पसरट होते. त्यानंतर कात्री कपाटात ठेवावी. ऑक्टोबरपासून संक्रांतीपर्यंत फुले राहतात.

पुन्हा फांद्या लावायच्या असतील तर अगदी कोवळी हिरवी किंवा जून लाकडी फांदी घेऊ नये. पेन्सिलीहून बारीक, अर्धवट पिकलेली, तीन-चार पेरांची वीतभर काडी घ्यावी. खालची पाने व काटे काढून दोन पेरे ओल्या रेतीत जातील अशी ती तिरपी लावावी आणि सावलीत ठेवावी. आषाढाची दमट हवा यासाठी उत्तम. नवी पाने आली म्हणून लगेच उपटून पाहण्याचा मोह आवरावा, कारण काडीतील साठ्यावरही पाने फुटतात. मूळ धरायला महिना-सव्वा महिना लागतो. रोप जमिनीत पाऊस ओसरू लागल्यावरच हलवावे. आपली पहिली रोपे ऐन जुलैच्या झडीत वाफ्यात गेली, तेव्हा त्यांना मुळेच नव्हती.

प्रश्न : सासूबाई म्हणतात की दारात काट्याचे झाड लावू नये, घरात भांडणे होतात. मला कोरांटी फार आवडते. काय करावे? (महाल)

उत्तर : सासूबाईंच्या अंगणात गुलाब आहे का, हे आधी आदराने पाहून घ्यावे.

तरीही त्यांच्या म्हणण्यात व्यवहाराचा भाग आहे. काटेकोरांटीच्या प्रत्येक पेराशी तीन-चार अणकुचीदार काटे असतात, ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे असतात आणि पानाच्या टोकालाही बारीक टोचणी असते. जाण्यायेण्याच्या वाटेवर ती लावली तर पदर अडकतो आणि लहान मुलांचे पाय ओरखडतात. कुंपणालगत दोन-दोन फुटांवर ओळीने लावली, तर चार फूट उंचीची दाट बोराटी होते आणि कुत्री व डुकरे आत येत नाहीत. दारात हवीच असेल तर बिनकाट्याची जांभळी किंवा पांढरी कोरांटी लावावी. तिने दोन्ही मने राखली जातील.

प्रश्न : नर्सरीतून कोरांटी म्हणून जांभळ्या फुलांचे झाड आणले. ‘ही फिलिपीन्सची आहे’ असे विक्रेता म्हणाला. शेजारी म्हणतात, ही कोरांटीच नाही. देशी झाडच लावायचे असा माझा आग्रह आहे. ओळखावे कसे? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : आपले झाड प्रत्यक्ष न पाहता निकाल देता येणार नाही, पण बाजारात कोरांटीच्या नावावर जे मिळते ते चार प्रकारचे असते आणि ते घरी ओळखता येते.

जांभळी कोरांटी, शास्त्रीय नाव बार्लेरिया क्रिस्टाटा, अस्सल आपल्याकडची आहे. भारतीय उपखंडापासून म्यानमार व दक्षिण चीनपर्यंत ती मूळची आढळते. इंग्रजी बोलण्यात तिच्या नावाला फिलिपीन्स चिकटले आहे, त्यामुळे विक्रेताही तेच सांगतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिला जांभळी, गुलाबी, पांढरी आणि पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेली अशी फुले येतात. खूण अशी, की फुलाच्या बुडाशी दोन मोठी हिरवी दले असतात आणि त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात. फूल गळल्यावर ही दले वाळून कागदासारखी होतात आणि झाडावरच राहतात. बोट फिरवले तर कडा टोचतात, पण पेरावर काटा नसतो.

पिवळी काटेकोरांटी म्हणजे बार्लेरिया प्रायोनायटिस. तिचे फूल नारिंगी झाक असलेले पिवळे, नळीसारखे आणि पुढे दोन ओठांत उघडलेले असते. त्यातून दोन पुंकेसर बाहेर डोकावतात. या दोन्हींची शास्त्रीय नावे लिनियसने १७५३ मध्ये दिली आणि त्यांतील बार्लेरिया हा शब्द जाक बारेलिए या सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक वनस्पतीअभ्यासकाच्या नावावरून आला. आपल्याकडे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून रंगावरून वेगळी नावे होती: पिवळी ती कुरंटक, तांबडी ती कुरबक. कोरांटी हा शब्द कुरंटकाचाच वंशज आहे.

तिसरा प्रकार फसवा आहे. पिवळी फुले आणि काटे यामुळे ती काटेकोरांटीच वाटते, पण पान अरुंद व लांबट, मधली शीर तांबूस, काटे खाली वळलेले आणि फुले तांबूस-तपकिरी खवल्यांच्या कणसातून येणारी असतात. ही बार्लेरिया लुप्युलिना, मूळची मॉरिशसकडची. दिसायला चांगली आहे, पण आपली नाही.

चौथे झाड म्हणजे रुएलिया, आणि माझ्या अंदाजाने आपल्या शेजाऱ्यांचा संशय तोच असावा. नागपुरात रस्त्यांच्या दुभाजकांवर जांभळ्या कर्ण्यांच्या ज्या रांगा दिसतात, त्यांत ती पुष्कळ आहे. तिची पाने लांब, अरुंद आणि गडद, खोड बहुधा जांभळट. फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत खाली पडते. बुडाशी दातेरी दले नसतात. ही अमेरिका खंडातली आहे आणि ओलावा मिळाला की झपाट्याने पसरते. देशी झाडाचा आग्रह असेल तर ही ठेवू नये. अर्थात पसरणे हा काही परक्या झाडांचाच दुर्गुण नव्हे. आपली काटेकोरांटी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात गेली आणि तिथे तिला तण म्हणून उपटावे लागते.

प्रश्न : चौथ्या मजल्यावर पश्चिमेला गॅलरी आहे. जांभळी कोरांटी हिवाळ्यात सुरेख होती. आता मे महिन्यात पानांच्या कडा जळून तपकिरी झाल्या आहेत आणि कुंडीच्या मातीवर पांढरी पूड जमली आहे. पाण्याची कमतरता म्हणून कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालतो. (बेसा)

उत्तर : पांढरी पूड आणि जळलेल्या कडा एकाच कारणाने आल्या आहेत, आणि ते कारण कूलर हेच आहे. कूलरमध्ये हवेत जाते ते फक्त पाणी. त्यातील क्षार टाकीतच राहतात. आपण टाकीत रोज नवे पाणी भरतो, रोज त्यातले पाणी उडून जाते आणि आठवड्याच्या शेवटी टाकीत जे उरते त्यात मूळ पाण्याच्या कितीतरी पट क्षार असतात. खसाच्या ताट्यांवर जी पांढरी पुटे चढतात, तीच आपण कुंडीत ओतत आहात. पाणी वाचवण्याची भावना योग्य असली, तरी या पाण्याने गॅलरी धुवावी. झाडाला घालायचेच असेल तर एका बादलीत तीन बादल्या साधे पाणी मिसळून, तेही पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीतल्या मोठ्या झाडांना घालावे.

कुंडीसाठी आता एवढे करावे. मातीचा वरचा बोटभर थर खरवडून टाकावा, मग कुंडीच्या आकाराच्या तीन पट चांगले पाणी हळूहळू ओतून ते तळाच्या भोकातून पूर्ण वाहून जाऊ द्यावे आणि बशी असेल तर काढून टाकावी. पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, म्हणून कुंडी भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळीवर ठेवावी. ५० टक्क्यांची हिरवी जाळी नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत दुपारच्या बाजूने बांधावी. कुंडी बारा इंचांहून लहान असेल तर पाऊस सुरू झाल्यावर बदलावी. पाणी पहाटे घालावे, दुपारी नाही. पारा ४५ अंशांपुढे जातो त्या दिवसांत अर्धी पाने झडली तरी घाबरून खत देऊ नये. झाड तेव्हा वाढत नसते, फक्त दिवस काढत असते. फांदीवर नखाने जरासे खरवडून पाहावे. खाली हिरवे दिसले तर ती जिवंत आहे, आणि जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस सुरू झाला की त्याच पेरांतून फुटेल.

प्रश्न : कोरांटीवर काळ्या, काटेरी केसांच्या अळ्या आहेत आणि शेंड्यांवर कापसासारखे पांढरे काहीतरी आहे. दोन्हींवर एकच औषध चालेल का? (जरीपटका)

उत्तर : अळ्यांना औषध नको. पॅन्सी गटातील काही फुलपाखरे कोरांटीच्या कुळातील झाडांवर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्यांच्या अंगावर असे फांद्याफांद्यांचे काटे असतात. पाने कुरतडली जातात, पण सशक्त झाड त्याने मरत नाही. देशी झाड लावायचे आणि त्यावर जगणाऱ्या देशी किड्यावर विष फवारायचे, हे मला पटत नाही. रोप फार लहान असेल तर अळ्या काडीने उचलून मोठ्या कोरांटीवर नेऊन ठेवाव्यात. फुले आली की लांब नळीतल्या मधासाठी शिंजीर आणि मोठे काळे भुंगे येतील. तेव्हाही फवारा घरात आणू नये.

पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि त्याला मात्र दयामाया दाखवू नये. फार लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकावेत, उरलेल्यांवर पाण्याची जोरदार धार मारावी आणि सायंकाळी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून फक्त त्या शेंड्यांवर फवारावे, अळ्यांच्या पानांवर नव्हे. आठ दिवसांनी पुन्हा फवारावे. खोडावर मुंग्यांची रांग दिसते का तेही पाहावे. हे ढेकूण गोड चिकट रस सोडतात, मुंग्या त्यासाठी त्यांचा सांभाळ करतात, आणि मुंग्यांचे वारूळ कुंडीतच असेल तर फवारणीचा उपयोग होत नाही.

प्रश्न : आजी दातदुखीवर काटेकोरांटीची पाने चावायला देत असे. हे योग्य आहे का? (इतवारी)

उत्तर : या झाडाला वज्रदंती म्हणतात ते याच उपयोगामुळे आणि आयुर्वेदातही त्याचा वापर आहे. पण हे बागेचे सदर आहे. दात दुखत असेल तर दंतवैद्याकडे जावे, आणि फवारलेल्या झाडाचे पान तर मुळीच तोंडात घालू नये.

प्रश्न : बियांपासून कोरांटी येते का? बोंडे वाळतात, पण उघडून पाहावे तर रिकामी असतात. (कामठी रोड)

उत्तर : येते. आपण पोहोचण्याआधी बोंडे आपले काम उरकतात. वाळलेले बोंड मधोमध तडकते आणि आतल्या आकड्यांच्या जोराने बिया काही फूट दूर उडतात. हातात उरते ते चोचीसारखे रिकामे टरफल. पिवळीच्या बोंडात दोनच बिया असतात, जांभळीच्या बोंडात चारपर्यंत. जानेवारीत बोंडे हिरव्याची तपकिरी होऊ लागली की त्या शेंड्यावर मलमलीचे जुने फडके सैल बांधून ठेवावे, म्हणजे बिया फडक्यातच पडतात. त्या कागदाच्या पुडीत कोरड्या जागी ठेवाव्यात आणि मृगाचा पाऊस पडल्यावर रेती मिसळलेल्या मातीत नखभर खोल पेराव्यात. बी ओले झाले की त्याच्या अंगावरचे केस फुगून चिकट होतात आणि ते मातीला धरून बसते, म्हणून पेरल्यावर जागा बदलायला उकरू नये. पंधरवड्यात दोन जाडसर पाने वर येतात. बियांपासून आलेल्या झाडाला फूल फांदीच्या झाडापेक्षा उशिरा, बहुधा दुसऱ्या हिवाळ्यात येते. जवळपास वेगवेगळ्या रंगांच्या जांभळ्या कोरांट्या असतील, तर रंग आईसारखाच येईल याची खात्री मात्र देता येत नाही.